संघातून नाव गेलं तरी माणसं उरावीत: खान्देशातल्या कॉलेजांसाठी मानसिक आधाराची घडी

कबड्डीच्या संघातल्या मुलाभोवती सतत दहा-बारा जण असतात. पहाटे मैदानावर, दुपारी कॅन्टीनमध्ये, रात्री होस्टेलच्या खोलीत तीच टोळी. त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा सकाळची एसटी पकडून खेड्यातून येतो, तीन तास बसतो आणि एकच्या गाडीने परत जातो. वर्ष संपत आलं तरी त्याचं नाव वर्गात चार जणांना ठाऊक असतं. बघणाऱ्याला वाटतं, पहिल्याची काळजी नको, लक्ष द्यायचं तर दुसऱ्याकडे.

हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेत २००९ साली कॉलेजचे खेळाडू आणि इतर विद्यार्थी यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खेळाडूंमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली, माणसांशी जोडलेपण जास्त आढळलं. पण आकडे उलगडून पाहिल्यावर दिसलं की फरक खेळाडू असण्या-नसण्याने पडत नव्हता. तो मुलगा की मुलगी, स्वतःबद्दलचा आदर, जोडलेपण आणि झोप यांवर ठरत होता. म्हणजे खेळ माणसं मिळवून देतो आणि आधार त्या माणसांचा असतो. माणसं गेली की खेळाडूही तितकाच उघडा पडतो.

इथेच खरी गोम आहे. खेळाडूचा आधार भरपूर असतो, पण सगळा एकाच खुंटीला टांगलेला. गुडघा गेला किंवा सिलेक्शनमध्ये नाव आलं नाही, तर मित्र, सर, रोजचा दिनक्रम, होस्टेलची खोली आणि गावातली 'खेळाडू' ही ओळख एकदम सुटते. इतर विद्यार्थ्यांचा आधार विखुरलेला असतो, पण विरळ. त्यामुळे दोघांसाठी काम वेगळं: एकाच्या खुंट्या वाढवायच्या, दुसऱ्याची वीण घट्ट करायची. पुढची पद्धत सहाशे ते हजार विद्यार्थ्यांच्या, तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजला धरून लिहिली आहे.

आधी पुढची वाट पक्की करा, मग फॉर्म वाटा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. उत्साहात प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, गठ्ठा कपाटात जातो, आणि त्यातल्या एखाद्या कागदावर 'जगण्यात अर्थ वाटत नाही' असं लिहिलेलं महिनाभर कोणी वाचत नाही. मुलाने धीर करून लिहिलं आणि कोणी विचारलं नाही, तर पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही. म्हणून पाठवायची जागा ठरल्याशिवाय एकही फॉर्म वाटू नका.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी आणि किती वाजता असते, हे स्वतः फोन करून किंवा जाऊन विचारा आणि वर्षातून दोनदा पुन्हा तपासा. जिल्हा कोणता यापेक्षा रस्ता पाहा. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असलं तरी तिथून धुळं जवळ पडतं. धडगावच्या मुलाला घाट उतरून नंदुरबारला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, तेव्हा भाड्याचे पैसे आणि सोबतीला माणूस हे दोन्ही आधीच ठरलेलं हवं. पहिल्या भेटीला विद्यार्थ्याला एकट्याला पाठवू नका. केस पेपरच्या रांगेतूनच मुलं परत फिरतात.

घरी बसून बोलता येईल अशी सोय म्हणजे टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. हा आकडा नोटीस बोर्डावर चिकटवून भागत नाही, बोर्डासमोर उभं राहून नंबर टिपून घ्यायला कोणालाच आवडत नाही. ओळखपत्राच्या मागे छापा, होस्टेलच्या बाथरूमच्या दाराला आतून लावा, मैदानावरच्या पाण्याच्या टाकीजवळ लावा.

कॉलेजातली माणसं तीन पुरेत: क्रीडा संचालक, राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी आणि एक प्राध्यापिका. यांच्या जोडीला ग्रंथालयातले कर्मचारी आणि शिपाईमामा यांनाही विश्वासात घ्या. कोण रोज एकटं डबा खातं, कोण गाडी सुटून गेली तरी बाकावर बसून राहतं, हे प्राचार्यांच्या आधी त्यांना कळतं. समुपदेशक नेमायला पैसे नाहीत, हे कारण आता चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायलाही त्याच निकालात सांगितलं आहे. संस्थाचालकांपुढे विषय मांडताना हा निकाल हातात असू द्या.

आधाराचा कागद: पंचवीस मिनिटं, पाच प्रश्न

'तुला आधार आहे का?' असं विचारलं तर बहुतेक मुलं हो म्हणतात. म्हणून प्रसंग सांगून विचारायचं. कोरा कागद द्या, दोघांत एक जागा सोडून बसवा आणि हे पाच प्रश्न एकेक करून मोठ्याने वाचा:

१. रात्रीचे आठ वाजलेत, शेवटची गाडी गेली, खिशात पैसे नाहीत. कोणाला फोन लावशील?
२. पेपर वाईट गेला. घरी कळायच्या आधी कोणाला सांगशील?
३. शिष्यवृत्तीचा फॉर्म, एटीकेटी, प्रवेश यातलं काही अडलं तर कोणाकडे जातोस?
४. तुझं काही चांगलं झालं तर मनापासून आनंद कोणाला होतो?
५. झोप येत नाही, डोक्यात नको ते विचार येतात. कोणाशी बोलशील?

त्या माणसाचं पूर्ण नाव लिहायला लावू नका. फक्त आद्याक्षर, आणि पुढे ते माणूस कुठलं ते: घरचं असेल तर 'घ', मैदानावरचं 'म', वर्गातलं 'व', गावातलं किंवा गल्लीतलं 'ग'. कोणीच नसेल तर आडवी रेघ. रेघ ओढणं हेही उत्तरच आहे, हे सुरुवातीलाच सांगा.

मग दुसरी फेरी. खेळाडूंना सांगा: 'उद्या पाय मोडला आणि संघातून नाव गेलं असं धरा. जी माणसं मग रोज भेटणार नाहीत, त्यांच्यावर काट मारा.' इतरांना सांगा: 'उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आहेस असं धरा. ज्यांच्याशी बोलणं होणार नाही, त्यांच्यावर काट मारा.' पाचही ओळींत 'म' लिहिलेला खेळाडू हातात पेन धरून थांबतो, तिथे त्याला स्वतःलाच काहीतरी दिसलेलं असतं. त्या क्षणी काही बोलू नका, समजावू नका.

आमचा ठोकताळा असा: काट मारल्यावर दोनपेक्षा कमी नावं उरली, किंवा पाचव्या प्रश्नापुढे रेघ असली, तर त्या विद्यार्थ्याशी आठवड्याच्या आत कोणीतरी बोललंच पाहिजे. काट मारल्यावर उरलेल्या सगळ्या नावांपुढे 'घ'च असेल, तर तेही पाहा. घरचा आधार मोठा असतो, पण अडचण घरातलीच असेल तर तो दरवाजा बंद होतो.

वर्षाच्या शेवटी फरक मोजायचा असेल तर याच्या जोडीला जाणवणाऱ्या सामाजिक आधाराची १२ प्रश्नांची मोजपट्टी वापरा. ती १९८८ पासून जगभर वापरात आहे. घर, मित्र आणि जवळची एक विशेष व्यक्ती असे तिचे तीन भाग, प्रत्येक प्रश्नाला १ ते ७ गुण. सरासरी ३ च्या खाली गेली तर आधार कमी समजतात. पण एकूण सरासरीवर थांबू नका. खेळाडूच्या कागदावर मित्रांचा भाग ६ आणि घरचा २ असेल, तरी सरासरी ठीकठाकच दिसते.

वेळ कधीची? प्रवेश उरकून चार-सहा आठवडे झाले की पहिली फेरी, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम संपला की दुसरी. परीक्षेच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळ्यांचेच आकडे चढतात. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर येते आणि जी मुलं शेतात अडकलीत, नेमकी तीच हातातून निसटतात. त्यांना नंतर स्वतंत्र बोलवा.

लक्षणं तपासताना खेळाडूचा आकडा वेगळा वाचा

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीत मोफत मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. ही चाळणी आहे, निदान नव्हे. मुलाला किंवा घरच्यांना 'तुला डिप्रेशन आहे' असं शिक्षकाने सांगू नये.

यादीतले झोप, थकवा आणि भूक हे तीन प्रश्न दोन वेळ सराव करणाऱ्या मुलाचे नुसत्या कष्टानेही वर जातात. म्हणून खेळाडूच्या कागदावर आधी पहिला आणि दुसरा प्रश्न वाचा: कशातच रस न वाटणं आणि मन उदास असणं. ते दोन्ही शून्य असून एकूण ८ असेल, तर सरावाचा भार आणि जेवण तपासा. ते दोन्ही २-२ असतील, तर एकूण ९ असला तरी त्याला बोलवा. खेळाडूंसाठी मुद्दाम बनवलेली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्वीकारलेली दहा प्रश्नांची ताण-प्रश्नावलीही आहे. तिच्यात १० ते ५० गुण असतात आणि १७ पासून पुढे लक्ष द्यायचं.

नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे १ जरी असला तरी त्याच दिवशी, विद्यार्थी घरी जायच्या आत बोलायचं. म्हणून ही यादी शुक्रवारी दुपारी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी भरून घेऊच नका.

आमच्याकडे मुलं मनाचं दुखणं शरीराच्या भाषेत सांगतात. 'डोकं दुखस', 'जीव घाबरा व्हस', 'मन लागत नही'. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला छापील मराठीत 'निरुत्साह' विचारलं तर तो नाही म्हणेल. 'मन लागस का नही?' विचारलं तर बोलेल. पावरी ही सातपुड्यातली आदिवासी बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यासोबत त्याच भाषेतला वरच्या वर्गातला विश्वासू विद्यार्थी बसवावा, पण नववा प्रश्न कोणाच्याही मार्फत विचारू नये.

आणि मनाचं नाव देण्याआधी रक्त तपासा. मुलगी सरावात मागे पडते, चिडते, वर्गात डोकं टेकून बसते. हे नैराश्य असू शकतं, तसंच हिमोग्लोबिन कमी असल्यामुळेही असू शकतं. मुलींमध्ये १२ आणि मुलग्यांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. सातपुड्यातल्या आदिवासी मुलामुलींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेल असलेल्या मुलाला उन्हात, पाण्याविना पळवणं धोक्याचं आहे. 'आळशी' हा शिक्का या मुलांवर फार सहज बसतो. धावपटू मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर बहुतेकदा खाणं सरावाला पुरत नसतं. वजन कमी ठेवण्यासाठी ती जेवण तर टाळत नाही ना, हे प्राध्यापिकेने शांतपणे विचारावं.

पहिली दहा मिनिटं

केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मुलाच्या दृष्टीने शिक्षा. खेळाडूशी मैदानाच्या कडेने चालताना बोला, इतरांशी ग्रंथालयाच्या ओट्यावर किंवा बसथांब्याकडे जाताना. समोरासमोर डोळ्यांत बघून बोलण्यापेक्षा बाजूबाजूने चालताना मुलं मोकळी होतात.

सुरुवात जे दिसलं त्याने करा: 'दोन आठवडे तू वॉर्मअपनंतर बाजूला बसतोस, डबाही आणत नाहीस. काय चाललंय?' मग थांबा. दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते, ती भरू नका. 'खेळाडू असून रडतोस काय', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली पोरं बघ', 'घरच्यांनी किती खस्ता खाल्ल्या' ही तीन वाक्यं टाळा. तिसरं सगळ्यात घातक. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला ते आधीच रोज टोचत असतं.

शंका आली तर सरळ विचारा: 'मरून जावंसं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?' विचारल्याने हा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी नाव घेतलं म्हणून सुटका वाटते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, त्याच्यासमोर १४४१६ लावा किंवा रुग्णालयात घेऊन जा. जीव आत्ताच धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२. घरच्यांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगा: फवारणीची औषधं आज संध्याकाळीच घरातून हलवा, कुलपात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. अशा विचारांची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काही नसणं हे जीव वाचवतं.

गुन्हा दाखल होईल या भीतीने लोक लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं, तिच्यावर खटला चालवायचा नसतो. हे घरच्यांना समजावून सांगा. घरचे भगताकडे जायचं म्हणत असतील तर वाद घालू नका. 'तिकडे जा, पण दवाखान्याची तारीख चुकवू नका आणि गोळ्या बंद करू नका' एवढंच लावून धरा. वाद घातला की दवाखानाही सुटतो.

दुखापत झाली त्या दिवसापासून

क्रीडा संचालकांना सांगायची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली तर खेळात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. कॉलेजच्या तीन वर्षांतलं हे एक वर्ष. या काळात संघ त्याला विसरतो, मुद्दाम नव्हे, सरावाच्या धबडग्यात.

पहिल्या तीन दिवसांत प्रशिक्षकाने घरी किंवा दवाखान्यात जावं, आणि खेळाचं सोडून बोलावं. मग आठवड्याचा एक ठरलेला वार आणि वेळ: 'दर बुधवारी रात्री आठला मी फोन करणार.' वेळ ठरलेली नसली की फोन तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो. व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव काढू नका. संघात खरं काम द्या: गुणलेखन, वेळ मोजणं, नवीन मुलांच्या पकडी तपासणं. नुसतं 'येऊन बसत जा' म्हटलं तर दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. होस्टेलची जागा आणि मेसची सवलत निदान त्या सत्रापुरती चालू राहील असं प्राचार्यांकडून लेखी घ्या. जागा गेली की मुलगा गावी जातो आणि तिथून परत येत नाही.

हेच सिलेक्शनमध्ये वगळलेल्यांना लागू. नावांची यादी भिंतीवर लावायच्या आधी वगळलेल्या प्रत्येकाला पाच मिनिटं बाजूला घेऊन कारण सांगा. विद्यापीठाच्या संघात निवड न होणं हे काहींसाठी पाच टक्के क्रीडा आरक्षणातली नोकरी हुकणं असतं, त्यामागे घरातला सगळा हिशेब असतो. जिंकल्यानंतरचा रितेपणाही खरा असतो. अभिनव बिंद्राने २००८ च्या बीजिंग सुवर्णपदकानंतरच्या आपल्या पोकळीबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. हंगाम संपल्यावरचे तीन आठवडे म्हणूनच रिकामे सोडू नका.

सरावाच्या वेळेचंही पाहा. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. साडेपाचला मैदान आणि रात्री बारापर्यंत मोबाइल म्हणजे पाच तास. उन्हामुळे सकाळचा सराव पुढे ढकलता येत नसेल, तर होस्टेलचे दिवे साडेनऊला आणि आठवड्यातून दोन दिवस सकाळची सुट्टी.

मैदानाबाहेरची मुलं

यांना जोडायचं तर एसटीच्या वेळापत्रकापासून सुरुवात करा. उपक्रम दुपारी चारला ठेवला की ये-जा करणारी मुलं आपोआप वगळली जातात. मधल्या सुट्टीतला अर्धा तास तेवढा त्यांचा आहे. एकाच मार्गाच्या गाडीने येणाऱ्या पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येक गटात एक वरच्या वर्गाचा. चोपड्याकडची एक गाडी, पारोळ्याकडची दुसरी. रोज तासभर एकत्र प्रवास होतोच, त्याला फक्त नाव द्यायचं. गटातला कोणी तीन दिवस दिसला नाही तर फोन करायचा, एवढाच नियम.

आठवड्यातून दोन दिवस निवडीशिवायचं मैदान ठेवा: चाळीस मिनिटं, ट्रॅकसूटची सक्ती नाही, गुण नाहीत. मुलींसाठी वेगळी वेळ द्या, नाहीतर पहिल्या आठवड्यानंतर मैदानावर फक्त मुलं दिसतील. ज्यांना खेळ नकोच, त्यांच्यासाठी युवारंगची, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची, तयारी हेच मैदान असतं. नाटकाच्या तालमीत जडलेली मैत्री संघाइतकीच घट्ट असते.

एक गट मात्र दोन्हीकडून निसटतो: पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी मुलंमुली. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर मोजून धावतात, कॉलेजच्या संघात नसतात, त्यांना प्रशिक्षक नसतो, नडगी दुखली तरी पळतात आणि दोन सेकंदांनी हुकल्यावर गावात तोंड लपवतात. त्यांना जिमखान्यात नोंदवून घ्या, स्टॉपवॉच आणि मैदान द्या, आणि निकालाच्या आठवड्यात त्यांची नावं हाताशी ठेवा.

नोंद ठेवा, पण कुलपात

एक वही, एकच किल्ली, नावाऐवजी क्रमांक. वहीत तारीख, काय दिसलं, कुठे पाठवलं, पुढची भेट, एवढंच. उपचाराची माहिती गोपनीय ठेवणं हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. ती स्टाफरूममध्ये बोलायची नाही आणि संघनिवडीच्या बैठकीत तर अजिबात नाही. 'सांगितलं आणि संघातून नाव गेलं' असं एकदा घडलं, की पुढची चार वर्षं कोणी तोंड उघडत नाही. कनिष्ठ महाविद्यालयातल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घ्या. प्रशिक्षकाकडून लैंगिक त्रास झाल्याचं कानावर आलं तर ते समुपदेशनाचं प्रकरण नाही. मूल अठराच्या आत असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मोठं असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जायचं.

सहा महिन्यांनी चार आकडे काढा: किती जणांशी बोलणं झालं, किती जण ओपीडीपर्यंत पोहोचले, त्यातले किती दुसऱ्यांदा गेले, आणि आधाराच्या कागदावर काट मारल्यानंतर दोनपेक्षा कमी नावं उरलेले किती. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल, तर सोबतीचा माणूस आणि भाड्याचे पैसे कुठे कमी पडले ते शोधा. चौथा आकडा खेळाडूंमध्ये तसाच राहिला असेल, तर पुढच्या सत्रात प्रत्येक खेळाडूला संघाबाहेरचा एक गट लावून द्या: एसटीचा, युवारंगचा, नाहीतर सेवा योजनेच्या शिबिराचा.